जुनी झूम लेन्स घेताय? आधी टॉर्च मारून बघा

प्रश्न : मुंबईत एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात विव्हिटार सिरीज १ ची ७०-२१० एफ ३.५ बघितली, निकॉन माउंटची. माझ्याकडे कॅननचा डीएसएलआर आहे. आत थोडी बुरशी दिसते पण दुकानदार म्हणतो फोटोत काही येत नाही. घेऊ का? आणि आमच्याकडच्या पावसात जपायची कशी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : माउंटचं, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या जागेचं, टेन्शन घेऊ नका. निकॉनच्या लेन्सला सेन्सरपासून ४६.५ मिमी अंतर लागतं, कॅनन ईएफला ४४, मधल्या अडीच मिमीत बिनकाचेचं साधं अडॅप्टर बसतं आणि लांबचा फोकसही नीट मिळतो. फोकस, अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं, लहानमोठं होणारं भोक) सगळं हाताने करायचं, बस.

मॉडेल छानच आहे, सत्तरच्या दशकात कॅमेरा कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीच्या झूमला एवढा मान क्वचित मिळाला. विव्हिटार लेन्स बाहेरून बनवून घ्यायची, सिरियल नंबर २२ ने सुरू झाला तर किनोची, ३७ ने तर टोकिनाची.

पण बुरशीवाली अजिबात घेऊ नका! दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे, उजेड तुमच्या पाठीमागे असताना एखादा डाग कळत नाही, पण सूर्य समोर आला की सगळा फोटो पांढुरका पडतो. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, पुसली तरी जाळीची खूण राहते. त्यात झूममध्ये एवढ्या काचा की उघडून साफ करून परत जुळवायचा खर्च लेन्सच्या किमतीवर जातो.

दुसरा पीस शोधा, आणि बघताना अ‍ॅपर्चर १६ वर ठेवून मागची छोटी पट्टी सरकवून धरा म्हणजे अ‍ॅपर्चरची पाती उघडतात, मग मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारून दुसऱ्या बाजूने बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की खाली ठेवा. पट्टी सोडली की पाती टचकन मिटली पाहिजेत, रेंगाळली तर त्यांच्यावर तेल उतरलंय. तोंड खाली करून झूम आपोआप घसरतो का तेही बघा, ढकल-ओढ झूममध्ये हे सर्रास होतं, तेवढ्यासाठी लेन्स सोडू नका पण भाव नक्की पाडा.

चिपळूणला लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) परवडत असेल तर ४०-५० टक्के आर्द्रतेवर लावा, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर. जेलचा रंग बदलला की पॅकेटवर लिहिलंय तसं तापवून परत वापरा. आणि पावसाळाभर डबा बंद करून विसरून जाऊ नका, अधूनमधून कोरड्या दिवशी लेन्स काढा, झूम पुढेमागे करा, दोनचार फोटो काढा.