मूळ संख्या आणि युरेनियमच्या ऊर्जापातळ्या

प्रश्न : दहा लाखांपर्यंतच्या मूळ संख्यांमधली अंतरे मोजली. युरेनियमच्या अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्यांशी ती जुळत नाहीत. कुठे चुकते? (विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : अंतरे मूळ संख्यांची नव्हे, त्यांच्याशी जोडलेल्या रीमान झीटा फलाच्या शून्यांची, म्हणजे ते फल जिथे शून्य होते त्या बिंदूंची घ्यायची. १९७२मध्ये गणिती माँटगोमेरी आणि भौतिकशास्त्रज्ञ डायसन यांच्या भेटीत उघड झालेले साम्य शून्यांचे आहे, तेही यदृच्छ मॅट्रिक्सशी (यदृच्छ संख्यांच्या चौकोनी मांडणीशी); जड अणुकेंद्रांच्या पातळ्याही अशाच मॅट्रिक्सनी मांडतात. मूळ संख्या मोठ्या होतात तशी त्यांची अंतरे उलट यदृच्छ, म्हणजे प्वासाँ वळणाची होत जातात.

शून्यांच्या उंची (त्या संमिश्र संख्यांचे काल्पनिक भाग) १४.१३४७, २१.०२२०, २५.०१०९ अशा चढतात. वर जावे तशी ती दाटतात : हजाराजवळ सरासरी अंतर १.२४, पंचाहत्तर हजाराजवळ ०.६७. म्हणून प्रत्येक अंतर तिथल्या सरासरीने भागा. सरासरी काढायला उंचीला ६.२८३२ने (२πने) भागून नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या आणि ६.२८३२ला त्याने भागा. बहुतेकांचा आलेख ही पायरी गाळल्यानेच फसतो. सुरुवातीची शंभरेक शून्ये सोडलेली बरी.

मग ०.१पेक्षा लहान अंतरे मोजा. प्वासाँत ती ९.५ टक्के असतात. शून्यांत हजारी एकाच्या आसपास, कारण शून्ये एकमेकांना दूर ठेवतात. युरेनियममध्ये मात्र ०.८ टक्के! तिथे काळ उलटवला तरी नियम बदलत नाहीत, त्यामुळे लागू पडतात ते सममित वास्तव मॅट्रिक्स. शून्यांना हर्मिशियन संमिश्र (कर्णापलीकडची जोडीदार संख्या संयुग्मी असलेले), म्हणून दोघांचे आकडे वेगळे.