भाचीला गावच्या अंगणवाडीत ठेवावं की तालुक्याच्या नर्सरीत घालावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ-वहिनी शेतमजुरी करतात, दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. भाची साडेतीन वर्षांची. गावातल्या अंगणवाडीत "खिचडीशिवाय काही मिळत नाही", म्हणून भाऊ मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, जास्तीची उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेऊन तिला तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीत घालायचं म्हणतोय. हंगामात ती आजीजवळ राहील. आणि अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की वहिनीला पाचवा महिना आहे. त्या ओळीवर मी शेवटी येते, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी 21 वर्षं अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. माझ्या बीटात, म्हणजे माझ्याकडे नेमून दिलेल्या गावांत, पंचवीसेक अंगणवाड्या असायच्या. मुलं घरी जायला तयार नाहीत अशा अंगणवाड्या मी पाहिल्या, आणि दुपारी बाराला कुलूप लागलेल्याही पाहिल्या. त्यामुळे सगळ्या चांगल्याच असतात असं मी म्हणणार नाही.

माझं उत्तर असं की नर्सरीसाठी उचल घेऊ नका. ती उचल फेडायला त्या दोघांना आणखी ऊस तोडावा लागेल, आणि त्या बदल्यात साडेतीन वर्षांच्या पोरीला मिळणार काय, तर चार रेघी वही आणि एबीसीडी. त्या वयात बोटांत पेन्सिल धरायची ताकदही नीट आलेली नसते. घरी मराठी बोलणारं मूल दिवसभर न कळणाऱ्या भाषेत बसलं की गप्प होतं, आणि गप्प बसलेलं मूल शहाणं झालं असं आपण समजतो. पहिलीत नाव घालायला नर्सरीचा दाखला लागत नाही, मुलाचं वय बघतात. तेव्हा नर्सरी चुकली म्हणून पुढची वाट बंद होत नाही, हे भावाला नीट समजावून सांगा. त्याची धडपड खरी आहे, पोरीनं कोयता हातात घेऊ नये एवढंच त्याला हवंय. त्याला वेड्यात काढू नका.

"अंगणवाडी" हा शब्द कुठून आला माहीत आहे का? बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडी होती, शिकवणारी माणसं होती, पण गरीब वस्तीतली मुलं यायचीच नाहीत. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत नेली, त्यांच्या अंगणात भरवली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथं आदिवासी मुलं गुरांमागे असायची, म्हणून कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथंच शाळा. बिया, शंख, दगड, पानं हेच शिकवायचं साहित्य. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. हे सगळं लांबण लावून सांगायचं कारण असं की मूल येत नसेल तर आपण त्याच्या घरी जायचं, ही कल्पना या कामाच्या मुळातच आहे. खिचडीचं पातेलं हा तिचा एक भाग.

आणि खिचडीलाही कमी लेखू नका. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून फुकट आहार मिळणं हा त्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण मिळतं. मजुराच्या घरी, जिथं आई सकाळी सातला रानात जाते आणि मूल दुपारपर्यंत चहा-बिस्किटावर असतं, तिथं हे जेवण फार मोठी गोष्ट आहे.

पण भावाचं अर्धं खरं आहे. नुसत्या खिचडीनं भागत नाही. जमैकात किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 बाळांवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना फक्त पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायची आणि आईला सोबत घेऊन बाळाशी खेळायची, बोलायची. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही दिलं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर ज्या घरांत तो खेळ पोचला होता, तिथली मुलं मोठी होऊन बाकीच्यांपेक्षा 25 टक्के जास्त कमावत होती. नुसत्या आहाराचा परिणाम तोवर टिकला नव्हता. मला हे प्रशिक्षणात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी माझ्या बीटातल्या एकेका सेविकेचा चेहरा आठवत बसले होते. त्या हेच करत होत्या, आणि त्याला कुणी शिक्षण म्हणत नव्हतं.

एका चुलीपाशी पाहिलेलं सांगते. माझ्या एका सेविकेसोबत गृहभेटीला गेले होते. संध्याकाळची वेळ, आई भाकरी थापत होती आणि तीन वर्षांची पोर पिठाच्या परातीत हात घालत होती. आई तिला "सरक तिकडं" म्हणून ढकलत होती. सेविका शेजारी बसली, पिठाचा छोटा गोळा तोडून पोरीच्या हातात दिला. "तुझी चानकी कर." पोरीनं आपली छोटी भाकरी थापली, वाकडीतिकडी. सेविकेनं विचारलं, "मोठी कुणाची?" "बाबाची." "बारकी कुणाची?" "माझी." "आधी कुठली भाजायची?" पोरीनं स्वतःच्या चानकीवर बोट ठेवलं. आई हसली आणि तिनंच पुढचा प्रश्न विचारला, "टोपल्यात आता किती झाल्या?" एवढंच. लहान-मोठं, आधी-नंतर, मोजणी, आणि आईशी बोलणं, सगळं एका भाकरीत. पाटीवर अंक गिरवण्याआधी डोक्यात जे तयार व्हावं लागतं, ते हे. यासाठी वहिनीला वेगळा वेळ काढायला लागत नाही, शिकलेली असण्याचीही गरज नाही. मजूर बायांना मी नेहमी हे सांगायची, कारण "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि दरवेळी मला त्याचा त्रास झालाय.

अजून एक घर आठवतं. सव्वातीन वर्षांचा मुलगा, दोन महिने वजन हललं नव्हतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी पिवळ्यात आली, म्हणजे साडेबारा सेंटीमीटरच्या खाली. घरचे म्हणाले, "आमच्या घराण्यातच बारीक." सेविका दिवसा दोनदा जाऊन आली, घराला कडी. मग ती दिवेलागणीला गेली. तेव्हा कळलं की त्याला त्याची आठ वर्षांची बहीण सांभाळते, त्यासाठी तिची शाळा बुडते, आणि तिला जमेल ते ती खाऊ घालते. आईला वाटायचं अंगणवाडीत पोर रडेल. सेविका म्हणाली, पहिले आठ दिवस मी स्वतः घ्यायला येते. आली. पोराला तिथं जेवण सुरू झालं, आरोग्य केंद्रात दाखवलं, घरी रात्रीच्या वरणात चमचाभर तेल घालायला आईला सांगितलं. वजन धरलं. पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती बहीण शाळेत परत गेली. एका अंगणवाडीनं दोन मुलं सावरली, आणि त्यातली एक तर आमच्या नोंदवहीत नव्हतीच.

आता तुमची अंगणवाडी कशी आहे ते आधी स्वतः बघा. कुणी सांगितलं म्हणून ठरवू नका. एखाद्या सकाळी जाऊन दोन तास बसा. मुलं गोलात गाणी-गोष्टी करतात का, हातात खेळायला काही आहे का, अंगणवाडीची ताई मुलांना नावानं हाक मारते का, शांत मुलाकडे बघते का, वजनकाटा वापरात आहे का, एवढं बघा. अंगणवाडीसाठी ठरलेला अभ्यासक्रम असतो, ताईंना विचारा की या महिन्यात त्यातलं काय चाललंय. चांगली ताई खूश होऊन दाखवेल.

नसेल चालत नीट, तर गप्प बसू नका. आधी ताईंशीच बोला. त्यांच्याकडे सर्व्हे, रजिस्टरं, मोबाइलवर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये रोज माहिती भरणं, असं इतकं काम असतं की मुलांचा वेळ त्यातच जातो, आणि मिळतं ते मानधन. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावं लागलं. म्हणून भांडायला जाऊ नका, चार आया मिळून जा. एखादी आजी आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला येते म्हणाली तर ताईंना आधार होतो. त्यानंही हललं नाही तर पर्यवेक्षिका, मग तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी, आणि ग्रामसभा. लेखी द्या, पोच घ्या. आहारच मिळत नसेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो. आणि तुमच्या वस्तीत अंगणवाडीच नसेल, सहा वर्षांखालची मुलं मात्र किमान चाळीस असतील, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2006 चा आदेश आहे. हे फार थोड्या गावांना माहीत आहे.

एक उणीव मी झाकणार नाही. अंगणवाडी काही तासांची आणि मजुराचा दिवस बारा तासांचा. अंगणवाडी सुटल्यावर मूल कुठं जाणार, याचं उत्तर योजनेत नीट नाही. "पाळणा" योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, दिवसाला साडेसात तास, सहा महिन्यांच्या बाळापासून. तुमच्या तालुक्यात कुठं सुरू झालंय का, प्रकल्प कार्यालयात विचारा. ऊसतोडीच्या गावांत तर हे आधी व्हायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

हंगामाचं म्हणाल, तर आजी धडधाकट असेल तर भाची आजीजवळ राहू दे. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, पहाटेच्या अंधारात उठून आईमागे जाणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि आजीजवळच राहायचं असेल तर तालुक्याच्या नर्सरीचा विषय तसाही संपतो, म्हातारी रोज सकाळी तिला गाडीत बसवणार कशी? चालत जायच्या अंतरावर अंगणवाडीच आहे. तिला सोबत न्यायचंच ठरलं, तर निघण्याआधी ताईंना सांगा, म्हणजे त्या स्थलांतराची नोंद करतील. माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार सोबत न्या, आणि जिथं कोपी (मुक्कामाची झोपडी) पडेल त्या गावच्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात नाव घाला. "तुम्ही बाहेरचे" असं म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

आता वहिनी. पाचवा महिना म्हणजे ऐन हंगामात बाळंतपण. ताई, नर्सरीचा विचार करताय ना, तर येणाऱ्या बाळाचं शिक्षण आत्ताच सुरू आहे. पोटातले दिवस आणि पहिली दोन वर्षं, मेंदूची वाढ इतक्या वेगानं पुन्हा कधी होत नाही. भाऊ जी उचल नर्सरीसाठी घेणार होता, ती न घेता वहिनीला या हंगामात घरी ठेवता येईल का, हा हिशेब घरात सगळ्यांनी बसून करा. माझा आग्रह आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकानंच जायचं तर अर्धा कोयता होतो, मुकादम कुरकुर करेल, हे मला ठाऊक आहे. पण मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी आठव्या महिन्याची बाई मी पाहिली आहे, त्यामुळे सांगते.

ती घरी राहिली तर गरोदरपणापासूनच अंगणवाडीतून तिला पूरक आहार मिळतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. दुसरी मुलगी झाली तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 6,000 रुपये मिळतात. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनाही आहे. 1 एप्रिल 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींना जन्मल्यावर 5,000, मग पहिलीत, सहावीत, अकरावीत आणि 18 वर्षं पूर्ण झाल्यावर 75,000, मिळून 1,01,000 रुपये. अर्ज अंगणवाडी ताईंकडेच असतो, अटी त्यांच्याकडून आधी नीट समजून घ्या. भाचीच्या जन्माची तारीख त्यात बसते का बघा, आणि आता मुलगी झाली तर तिची बसेल.

तेव्हा या सोमवारी भाचीला आणि वहिनीला दोघींनाही घेऊन जा. भाचीचं वजन-उंची घ्यायला लावा, वहिनीची नोंद झालीय का बघा, नसेल तर तिथंच करून घ्या. आणि आजीचा मोबाइल नंबर ताईंच्या वहीत लिहून या, कारण दिवाळीनंतर ताईंना फोन करायचा झाला तर तो तिलाच लागणार आहे.