बगॅसमध्ये साखर असते, तर साखर कारखाने तो जाळतात कशाला?

बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चोथ्यापासून, मौल्यवान रसायने होऊ शकतात, मग कारखाने तो बॉयलरमध्ये का घालतात, असे आपण विचारले आहे. मी रासायनिक अभियंता आहे आणि माझे काम याच क्षेत्रातले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

बगॅसमधील साखर उसाच्या रसातल्यासारखी मोकळी नसते. ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या वनस्पतीच्या तंतूंतील घटकांच्या लांब साखळ्यांत अडकलेली असते. यांपैकी हेमिसेल्युलोज फोडले की मुख्यतः झायलोज ही पाच कार्बनची साखर मिळते, आणि आसवनीत वापरले जाणारे साधे यीस्ट तिला हातही लावत नाही. जळतानाही ती लिग्निनच्या (तंतूंना घट्ट धरून ठेवणाऱ्या, बगॅसमधल्याच दुसऱ्या घटकाच्या) तुलनेत बरीच कमी उष्णता देते. म्हणून बगॅसमधून काही काढून घ्यायचेच असेल, तर आधी हीच साखर काढावी, असे माझे मत आहे.

तिच्यापासून होणारे सर्वांत जुने रसायन म्हणजे फरफ्युरल. अमेरिकेत आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स कंपनीने 1922 मध्ये ओटच्या टरफलांपासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आज चीनमध्ये ते मक्याच्या बुरकुंडांपासून, तर डोमिनिकन प्रजासत्ताकात बगॅसपासून होते. आम्ल आणि उच्च दाबाची वाफ यांच्या साहाय्याने 150 ग्रॅम झायलोजमधून 54 ग्रॅम पाणी निघून गेले की 96 ग्रॅम फरफ्युरल उरते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात तयार झालेले फरफ्युरल गरम आम्लात थांबले की उरलेल्या झायलोजशी आणि स्वतःशीच जुळून काळा, चिकट राळेसारखा गाळ होतो, म्हणून ते वाफेबरोबर तातडीने बाहेर काढावे लागते, आणि इतके करूनही जुन्या पद्धतीत निम्म्याच्या आसपासच हाती लागते. वाफ थंड केल्यावर दोन थर पडतात. खालचा जड थर फरफ्युरलचा. ऊर्ध्वपातनानंतर ते जवळजवळ रंगहीन असते, कडू बदामासारखा वास येतो, आणि हवेत उघडे ठेवले तर काही काळातच तपकिरी होते.

एक टन उसामागे सुमारे 300 किलो बगॅस निघतो, त्यात निम्मे पाणी. कोरड्या 150 किलोंचा साधारण चौथा हिस्सा या साखरेच्या साखळ्यांचा धरला, तर फरफ्युरल मिळेल फार तर 13-14 किलो. उरलेले सेल्युलोज आणि लिग्निन पुन्हा बॉयलरला घालता येते, म्हणजे सगळे इंधन गमावले जात नाही. परंतु ते ओले आणि आम्लयुक्त असते.

ग्राहक मात्र दूर नाहीत. फरफ्युरलपासून फरफ्युरिल अल्कोहोल आणि त्यापासून फ्युरान रेझिन होते, ज्याने फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साच्याची वाळू बांधतात. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव येथे फाउंड्री आहेत आणि साखर कारखानेही तिथेच आहेत.

अडते ते वाफेवर. फरफ्युरलच्या वजनाच्या कितीतरी पट वाफ लागते, आणि तीच वाफ टर्बाइनवर घातली तर कारखान्याला सहवीजनिर्मितीतून विजेचे पैसे मिळतात. शिवाय गळीत हंगाम काही महिन्यांचाच. वर्षभर संयंत्र चालवायचे तर बगॅस साठवणे आले, आणि त्यासोबत आगीची भीतीही. त्यामुळे असा प्रकल्प अहवाल हाती आला की मी आधी वाफेचा ताळेबंद पाहतो, आणि मग या प्रक्रियेतून निघणाऱ्या, ॲसिटिक आम्ल असलेल्या सांडपाण्याचे काय करणार आहेत, ते पान.