प्लेक्ट्रम बँजो आणि टेनर बँजो एकच का? प्लेक्ट्रमवर काय वाजवतात?

नाही, चार तारा दोन्हींना असल्या तरी ही वेगळी वाद्यं आहेत. प्लेक्ट्रम म्हणजे पाचतारी बँजोतली आखूड पाचवी तार काढलेलं रूप: लांब मान, साधारण २२ पडदे, तारा सी-जी-बी-डी या स्वरांत लावलेल्या. टेनरची मान आखूड, पडदे १७ किंवा १९, तारा सी-जी-डी-ए. प्लेक्ट्रमच्या वरच्या तीन तारा जवळच्या स्वरांत असल्याने पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर आणि धून एकत्र वाजवणं फार सुरेख जमतं. बँजोवादक एडी पीबडी यांनी अमेरिकेत त्यावर एकट्याने रंगमंच गाजवला. डिक्सीलँड या जुन्या धाटणीच्या जॅझमध्ये हा बँजो आजही तालाला असतो. गिटारवाले मात्र अनेकदा त्याच्या तारा गिटारसारख्या डी-जी-बी-ई अशा लावतात. आपल्या मिरवणुकीतला कळांचा ‘बेंजो’ हा बुलबुल तरंगाच्या कुळातला, त्याच्याशी गल्लत करू नका.