शेत गहाण टाकू नका, आधी दहा मोटरींवर पेट्या लावा

ताई,

दारव्हा तालुक्यातून तुमचं पत्र आलं. मुलीचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. पुण्याची नोकरी सोडून तिला गावातच मोबाइल स्टार्टर, म्हणजे शेतातली मोटर फोनवरून चालू-बंद करणाऱ्या पेट्या, बनवून विकायचे आहेत. त्यासाठी चार एकर गहाण टाकून पाच लाख काढायचे का, असं तुम्ही विचारलंय. धंदा तिला जरूर करू द्या. शेताला मात्र हात लावू नका.

एका पेटीचे सुटे भाग ३,००० रुपये धरले तरी दहा पेट्या ३०,००० मध्ये होतात. निम्मे पैसे शेतकऱ्यांकडून आगाऊ घ्या, निम्मे तुमच्या बचत गटातून. पेटी फुकट देऊच नका. फुकटातल्या वस्तूची तक्रार कोणी सांगत नाही, आणि मुलीला या वर्षी तक्रारीच हव्या आहेत.

रात्रीची लाईन असते म्हणून आज मोबाइल स्टार्टर विकला जातो. पण सौर पंप वाढताहेत, दिवसा वीज देण्याची कामंही सुरू आहेत. रात्री उठणं वाचतं, एवढ्यावर हा धंदा फार वर्षं चालणार नाही. मोटर जळू न देणं, ही गरज मात्र राहील. तीनपैकी एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजवर करंट वाढून मोटरच्या आतलं तारांचं वाइंडिंग जळतं. विहीर आटली की पंप कोरडा फिरतो. म्हणून करंट मोजणारा भाग पेटीत हवाच. तालुक्याच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात तिने आठवडाभर बसावं, कोणती मोटर कशाने जळली ते वहीत लिहावं. पुढे त्याच दुकानदाराला कमिशनवर विक्रीला घ्या, नाहीतर जळक्या मोटरी कमी झाल्याचा तोटा त्याचाच, मग पेटीबद्दल तो चांगलं कशाला बोलेल?

पेट्या बंद पडण्याची कारणं बहुतेक साधी असतात. सिमचं मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. स्वस्त पॉवर सप्लायला ते झेपत नाही, व्होल्टेज पडतं आणि पेटी पुन्हा पुन्हा रिसेट होते. जवळपास वीज कोसळली की सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा भाग) आणि अर्थिंग नसलेली पेटी जाते. वायरच्या भोकातून मुंग्या, पाली शिरतात, तिथे ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारं बूच, लावा. रिचार्ज संपला तरी शेतकरी पेटीलाच दोष देतो, म्हणून वर्षाचा रिचार्ज किमतीतच धरा. आणि ४१५ व्होल्टची जोडणी लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच.

हरभऱ्याच्या ओलिताआधी, म्हणजे दिवाळीपर्यंत, दहाही पेट्या लागल्या पाहिजेत.

कर्ज त्यानंतर. यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज तिच्याच नावाने करा, भावाच्या नाही. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. हे अनुदान नव्या युनिटलाच मिळतं, म्हणून उद्योगाच्या नोंदणीची घाई नको. उद्योग केंद्रात विचारूनच करा. शिवाय ती रक्कम हातात येत नाही, ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते. त्या रकमेच्या भरवशावर कोणाकडून माल उधार उचलू नका.

बँकेत जाताना ती वही आणि दहा शेतकऱ्यांच्या पावत्या सोबत न्या.