भाषा-शंका : ‘मेक अप’ची मराठी

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत आठवी-नववीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. ‘द टू ब्रदर्स क्वॉरल्ड अँड देन मेड अप’ या वाक्याचे एका विद्यार्थ्याने ‘दोघे भाऊ भांडले आणि मग त्यांनी मेकअप केला’ असे भाषांतर केले आणि सगळा वर्ग हसला. योग्य अर्थ मी सांगितला; पण घरी येऊन कोश उघडला, तर ‘मेक अप’खाली सात-आठ अर्थ आणि त्याहून अधिक समानार्थी शब्द दिसले. इतके अर्थ एकाच क्रियापदाला कसे चिकटले? त्यांना मराठीत काय म्हणावे? आणि कोशातले समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याला हसण्याचे कारण नाही. मराठीत हा शब्द नाम म्हणून आणि एकाच अर्थाने रुजला आहे, त्यामुळे त्याने ओळखीच्या शब्दाला ओळखीचाच अर्थ दिला. क्रियापदाला एखादे चिमुकले अव्यय जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची ही सवय परक्यांना सर्वाधिक छळते, हे इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे.

सुरुवात ‘अप’पासून करू. येथे ‘अप’ म्हणजे ‘वर’ असे समजलो की वाट चुकते. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘फिल अप’ यांत कोणतीच गोष्ट वर जात नाही. ती पुरी होते. आपण ‘खाऊन टाकले’, ‘संपवून टाकले’ असे म्हणतो तेव्हा ‘टाकणे’ जे काम करते, तेच काम तेथे ‘अप’ करते. ‘मेक अप’मध्येही मूळ कल्पना ‘सुटे सुटे जुळवून पुरे करणे’ अशी धरली, तर बहुतेक अर्थ एका सुतात ओवता येतात. ही युक्ती लक्षात ठेवण्यापुरती आहे, व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून नव्हे. परंतु वर्गात ती उपयोगी पडते.

अर्थ ओळखायचा तो कर्मावरून, म्हणजे काय जुळवले जात आहे हे पाहून. घटक जुळले की समूह बनतो : महाराष्ट्राची विधानसभा २८८ निवडून आलेल्या सदस्यांची मिळून बनते, हे सांगताना इंग्रजीत ‘इज मेड अप ऑफ’ असे म्हणतात. प्रसंग जुळवले की गोष्ट होते, आणि ती खरी नसेल तर आपण ‘रचून सांगितली’, ‘मनाने जोडली’ किंवा थोड्या रागाने ‘बनाव केला’ असे म्हणतो. मने पुन्हा जुळली की समेट होतो. पत्त्यांच्या डावाला चौथा भिडू मिळवणे, बुडालेला अभ्यास भरून काढणे, पाहुण्यांसाठी जादा अंथरूण घालणे, या सर्वांना इंग्रजीत हेच क्रियापद चालते. नट पात्राला साजेसा चेहरा उभा करतो, ती रंगभूषा. आपल्याकडे मुक्कामाला राहिला तो हाच अर्थ. वैद्याच्या चिठ्ठीबरहुकूम औषध तयार करून देणे हाही एक अर्थ आहे. डॉक्टरांचा कंपाउंडर मोठ्या बाटलीतले लाल औषध लहान बाटलीत ओतून, त्यात पाणी मिसळून, बाहेरून मात्रेच्या खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी चिकटवत असे. त्याचे ते सारे काम या दोन शब्दांत मावते. छापखान्यातही खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जुळवून झाले की मजकूर, मथळे आणि चित्रांचे ठसे बसवून पान लावण्याला ‘मेक अप’च म्हणत, त्यामुळे आमच्या धंद्यात हा शब्द पावडर-कुंकवाशिवायही नांदला आहे.

आता समानार्थी शब्द. कोशात ते एका ओळीत शेजारी बसतात, वाक्यात मात्र सहसा एकमेकांची जागा घेत नाहीत. घडण्या-बनण्याच्या अर्थाचे ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘कम्पोज’, ‘कम्प्राइज’ हे तीन शब्द घ्या. पहिल्याचा कर्ता घटक असतो : सदस्य सभा घडवतात. ‘कम्प्राइज’चा कर्ता समूह असतो : सभेत सदस्य असतात, म्हणून ‘द असेम्ब्ली कम्प्राइजेस २८८ मेंबर्स’ असे ‘ऑफ’शिवाय लिहावे. ‘इज कम्प्राइज्ड ऑफ’ ही रचना पुष्कळदा वाचायला मिळते, पण काटेकोर संपादक ती अजूनही खोडतात, आणि विद्यार्थ्यांना ती न शिकवणेच मला बरे वाटते. ‘कम्पोज’ या अर्थाने बहुधा ‘इज कम्पोज्ड ऑफ’ असाच येतो. एरवी तो कविता किंवा संगीत रचण्याकडे वळतो.

खोटे रचण्याच्या अर्थात छटांचा फरक अधिक आहे. लहान मुलाला झोपवताना आई मनानेच गोष्ट रचते, तेथे ‘मेक अप’ निरागस आहे. शाळेला दांडी मारलेला मुलगा पोटदुखीचे कारण रचतो, तेथे तोच शब्द किंचित लबाड होतो. ‘इन्व्हेंट’ दोन्हीकडे चालतो, पण तो यंत्राच्या शोधालाही चालतो आणि ‘मेक अप’ तेथे चालत नाही. ‘फॅब्रिकेट’ म्हटले की आरोपाचा वास येतो. बनावट पुरावा तयार करणे त्यात बसते, अंगाईची गोष्ट बसत नाही. ‘कन्कॉक्ट’मध्ये चार गोष्टी कालवून काहीतरी शिजवल्याचा भाव असल्याने तो विचित्र पाककृतीलाही लागतो आणि अविश्वसनीय सबबीलाही.

समेटाच्या अर्थाचा ‘रिकन्साइल’ वयस्क आणि गंभीर आहे. दुरावलेले पती-पत्नी किंवा दोन घराणी यांना तो शोभतो; कट्टी घेऊन संध्याकाळपर्यंत बट्टी करणाऱ्या मुलांना ‘मेक अप’च हवा. आपल्या वाक्यातील दोघे भाऊ लहान असतील तर ‘भांडले आणि मग त्यांची बट्टी झाली’ आणि मोठे असतील तर ‘मग त्यांनी आपसांत मिटवले’ असे भाषांतर मी करीन. ‘समेट झाला’ असे लिहिले की बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ डोळ्यांसमोर येतात.

एक व्याकरणाची खोच सांगतो. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर कोठेही येते, सर्वनाम असेल तर मात्र मध्येच यावे लागते : ‘शी मेड इट अप’. ‘शी मेड अप इट’ ही चूक आपल्याकडे हमखास होते, कारण शिकवताना आपण ‘मेक अप’ हा एकच शब्द असल्यासारखा पाठ करून घेतो.

वर्गात पुन्हा हसू झालेच, तर फळ्यावर ‘लागणे’ लिहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवे लागतात, निकाल लागतो, घाटात बस लागते, आणि कोणी नात्याने आपला मामा लागतो. हे मराठी शिकणाऱ्या परक्याला कसे समजावून सांगाल, असे मुलांनाच विचारावे. कर्ता कोण आहे हे पाहून आपण अर्थ लावतो, हे एखादे तरी मूल सांगेल. तेवढे झाले की ‘मेक अप’कडे परत जाता येईल.

प्रश्न : मी नेहमी रेल्वेने प्रवास करतो. गाडीला उशीर झाला की सहप्रवासी ‘पुढे मेकअप करेल’ असे म्हणतात. हे इंग्रजी बरोबर आहे का?

उत्तर : अर्थ बरोबर आहे, केवळ कर्म गळले आहे. इंग्रजीत ‘मेक अप टाइम’ किंवा ‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’ असे म्हणावे लागते. पहिल्यात वेळ भरून निघतो, दुसऱ्यात गेलेल्या वेळेची भरपाई होते. मराठी बोलताना ‘वेळ’ सर्वांच्या मनात असतोच, म्हणून तो कोणी उच्चारत नाही. वेळापत्रकात शेवटच्या स्थानकाआधी बहुधा थोडा सैल वेळ राखून ठेवलेला असतो, त्यामुळे वाटेत अर्धा तास मागे असलेली गाडी कधीकधी मुक्कामाला वेळेवर पोहोचते आणि सहप्रवाशांचे भाकीत खरे ठरते. मात्र हाच शब्द लेखी तक्रारीत वापरायचा असेल, तर ‘गाडीने उशीर भरून काढला नाही’ असे लिहावे.