लसणीचा वास आला तर थांबू नको

चि. बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुजरातेत तांबं शुद्ध करायच्या कारखान्यात तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पण त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. तुझे बाबा असते तर त्यांनीच सांगितलं असतं. आम्ही दोघं एकाच टँकहाऊसमध्ये, म्हणजे आम्लाच्या टाक्यांत विजेने तांबं शुद्ध करतात त्या विभागात, एकाच पाळीला होतो. आता ते माझ्याकडे आलं आहे.

आपल्या घरात तांबं म्हणजे पूजेची पळी, रात्री भरून ठेवलेला तांब्या, आजीचा हंडा. तांब्याला आपण घाबरत नाही, आणि खरं तर तुझ्या कारखान्यातही तांब्याला फारसं घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते तांब्यातून जे काढून टाकतात त्याला. तुझ्याकडे येणारा अ‍ॅनोड, म्हणजे कच्च्या तांब्याची लादी, साधारण ९९.५ टक्के शुद्ध असतो आणि तुमच्याकडून जाणारा कॅथोड, म्हणजे शुद्ध तांब्याचा पत्रा, ९९.९९ टक्के. मधला हा अर्धा टक्का कुठे जातो, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून स्वतःला विचारत राहा. त्यातलं सोनं, चांदी, सेलेनियम, टेल्युरियम, शिसं सेलच्या, म्हणजे आम्लाच्या टाकीच्या, तळाशी चिखलासारखं बसतं, त्याला आपण स्लाइम म्हणतो. निकेल आणि बराचसा आर्सेनिक आम्लात विरघळून पाण्याबरोबर फिरत राहतो. हजारो टन तांबं गाळलं की अर्धा टक्काही थोडा राहत नाही, आणि तो सगळा तुम्हा माणसांच्या आसपासच साठतो.

स्लाइमबद्दल आधी थोडं. ओला असतो तोवर तो निरुपद्रवी गाळ वाटतो. सुकला की त्याची बारीक धूळ होते, आणि त्या धुळीत शिसं आहे, आर्सेनिक आहे. स्लाइम गाळून पिळणाऱ्या फिल्टर प्रेसच्या खाली सांडलेला स्लाइम झाडूने कधी झाडायचा नाही, पाण्याने धुवायचा किंवा व्हॅक्यूमने ओढायचा. पुढे सेलेनियम काढायला तो भाजतात, तिथे निघणारा धूर नाकाडोळ्यांना झोंबतो. टेल्युरियम अंगात गेलं की माणसाच्या श्वासाला आणि घामाला लसणीसारखा वास येऊ लागतो, तो कित्येक दिवस जात नाही. आमच्याबरोबरच्या एका फिटरच्या बायकोला वाटायचं, नवरा बाहेर खाऊन येतो. तो बिचारा लसूण खातच नसे. असा वास स्वतःला किंवा सोबत्याला येऊ लागला तर हसण्यावारी नेऊ नको, डॉक्टरकडे जा आणि कुठल्या विभागात काम करतोस ते सांग.

आता मुख्य गोष्ट. इलेक्ट्रोलाइटमधली, म्हणजे सेलमधल्या आम्लाच्या पाण्यातली, घाण वाढू नये म्हणून त्यातला काही भाग रोज बाहेर काढतात. त्यातून मोरचूद बनवतात. नाशिककडचे द्राक्षवाले बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर कालवतात तेच मोरचूद. उरलेलं तांबं लिबरेटर सेलमध्ये विजेने काढतात. तिथे शिशाचे अ‍ॅनोड असतात, बुडबुडे येतात, आम्लाचा धुरळा उडतो. तांबं भरपूर असेपर्यंत कॅथोडवर तांबंच बसतं. ते कमी होत गेलं की त्याच्याबरोबर आर्सेनिक बसू लागतो, कॅथोडवर काळा, भुसभुशीत गाळ दिसतो. आणि तांबं अगदी संपत आलं की कॅथोडवर हायड्रोजन निघतो, तो आर्सेनिकला मिळतो आणि तयार होतो आर्सिन वायू.

आर्सिनला रंग नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, घसा जळत नाही. क्लोरिन किंवा सल्फर डायऑक्साइड माणसाला धक्के मारून बाहेर काढतात, हा मात्र जवळ बसून राहू देतो. हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, सेलखालच्या तळघरात साचतो. त्याला लसणीसारखा हलका वास असतो, पण वास येईपर्यंत उशीर झालेला असतो: अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी कायद्याची मर्यादा ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) आहे आणि बहुतेकांना वास साधारण त्याच्या दहापट झाल्यावर कळतो. वास येत नाही म्हणून वायू नाही असं समजणारा माणूस त्या विभागात नकोच. हा वायू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. १८१५ साली म्युनिकमध्ये गेलेन नावाचे रसायनशास्त्रज्ञ याच वायूवर प्रयोग करताना दगावले. म्हणजे ही माहिती दोनशे वर्षं जुनी आहे, आणि तरीही माणसं गाफील राहतात. मी राहिलो होतो.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या पाळीला लिबरेटरवरची हवा बाहेर ओढणाऱ्या एक्झॉस्ट ब्लोअरचा पट्टा तुटला. स्टोअरमध्ये पट्टा नव्हता, सकाळी येईल म्हणाले. नियम सरळ होता: ब्लोअर बंद तर रेक्टिफायर, म्हणजे सेलला वीज देणारं यंत्र, बंद. पण त्या महिन्यात आम्ही मागे होतो, आणि वरून निरोप आला की दरवाजे उघडे ठेवा, तासाभराने बघू. मी पाळीप्रमुख होतो. बटण माझ्या हाताशी होतं, आणि मी ते दाबलं नाही. शेवटच्या सेलखालचा गाळ काढायला ठेकेदाराचा एक मुलगा खाली गेला, बाविशीतला असेल. तोंडाला गमछा बांधला होता. चाळीसेक मिनिटांनी वर आला, काही झालं नाही. चहा प्यायला. पाळी सुटायच्या वेळी म्हणाला, थंडी वाजतेय, पोटात कळा येताहेत. मी म्हटलं, घरी जा, झोप.

रात्री त्याला लघवी झाली ती कोकमाच्या सरबतासारखी. सकाळी डोळे पिवळे. गल्लीतल्या डॉक्टरांनी कावीळ म्हणून औषध दिलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं हा मुलगा कुठे काम करतो. मला दुपारी कळलं. मी धावत गेलो, मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे मी आर्सिन हा शब्द उच्चारला तेव्हा कुठे त्यांनी रक्त बदलायचं ठरवलं. याला उतारा नाही, बाळा. अंगातलं फुटलेलं रक्त काढून चांगलं रक्त घालायचं आणि मूत्रपिंडं बंद पडली तर डायलिसिस, एवढंच हातात असतं. तो वाचला. कित्येक आठवडे डायलिसिसवर होता आणि नंतर जड काम त्याला कधीच जमलं नाही. त्याची आई मला दोष देत नसे, आणि त्याचंच मला जास्त लागायचं.

म्हणून माझं ऐक. लिबरेटरचा ब्लोअर थांबला तर रेक्टिफायर थांबलाच पाहिजे, आणि तो आपोआप थांबेल अशी जोडणी तुमच्याकडे आहे का, ते तू स्वतः विचारून घे. कुणी ती बायपास केली आहे का, तेही बघ. त्या भागात जाताना अंगावर आर्सिनचा मीटर हवा, साधा गॅस मीटर चालत नाही. धुळीचा मास्क या वायूला अजिबात अडवत नाही, गमछा तर नाहीच. मीटर वाजला किंवा वास आला की सामान तिथेच टाकून बाहेर. आणि आर्सिनचा धोका लिबरेटरपुरता नसतो. आर्सेनिक असलेला गाळ, आम्ल आणि जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की तो कुठेही तयार होतो. आम्लाचा स्लाइम भरायला कुणी जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली आणली तर ती तिथल्या तिथे परत पाठव. प्लॅस्टिकची बादली तीस रुपये महाग असेल, म्हणून स्टोअरवाला कुरकुर करेल. करू दे.

उघड्यावर आल्यावर बरं वाटतंय म्हणून कुणाला घरी सोडू नको. त्रास सुरू व्हायला काही तास लागतात, कधी दिवससुद्धा. त्या माणसाला इस्पितळात पाठव आणि त्याच्या खिशात चिठ्ठी ठेव: आर्सिन वायूचा संशय.

सेलमधलं आम्ल लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम असतं आणि साठ अंशांच्या वर तापलेलं. अंगावर एक थेंब उडाला तर कळतही नाही. सुती शर्टाला धुतल्यावर भोकं पडलेली दिसतात, तेव्हा कळतं. डोळ्यात गेलं तर पापण्या हाताने उघड्या धरून निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली, सोडा वगैरे काही घालायचं नाही. वर्षानुवर्षं आम्लाचा धुरळा श्वासात गेला तर पुढचे दात झिजतात. आमच्या जुन्या लोकांचे दात बघून ते कोणत्या विभागातले ते सांगता येई. सल्फ्युरिक आम्लाच्या धुरळ्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालापासून कर्करोगकारक गटात घातलं आहे. आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, हे तू अकरावीत शिकला आहेस. पण पाळीच्या शेवटी दमलेला माणूस काहीही करतो, म्हणून पुन्हा लिहिलं.

विजेचं फसवं असतं. एका सेलला पाव व्होल्टच्या आसपास, म्हणून लोक म्हणतात, यात काय शॉक बसणार! पण असे शेकडो सेल एकामागे एक जोडलेले असतात, करंट हजारो अँपिअर. एका टोकाच्या सेलला हात आणि दुसरा हात जमिनीला जोडलेल्या पाइपला, असं झालं की सगळं गणित बदलतं. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी पाळीला जाताना लॉकरमध्ये ठेव. आजीने दिलेलं कडं मी पाहिलं आहे, तेही. क्रेनने कॅथोड किंवा अ‍ॅनोड उचलले की खालून कुणी जायचं नाही, अ‍ॅनोडचं एकेक पान तीन-चारशे किलोचं असतं.

अ‍ॅनोड भट्टीकडे तुझी बदली झाली तर एकच गोष्ट: ओलं काही आत जाऊ द्यायचं नाही. तांबं १०८५ अंशांना वितळतं. त्याखाली पाणी अडकलं की क्षणात दीड हजार पटींहून जास्त फुगून त्याची वाफ होते आणि वितळलेलं तांबं छपराला लागतं. वापरून उरलेले अ‍ॅनोडचे तुकडे धुऊन भट्टीत परत येतात. त्यांच्या खाचांत पाणी राहतं. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या तुकड्यांकडे विशेष लक्ष दे.

तुला दाढी ठेवायची हौस आहे. बाळा, दाढीवर मास्क नीट बसत नाही, कडेने हवा आत येते. एवढं माझ्यासाठी कर. कामाचे कपडे आणि बूट कारखान्यातच राहू देत, धुणंही तिथेच. शिशाची, आर्सेनिकची धूळ घरी नेली की ती आधी लहान मुलांना लागते. डबा खाण्याआधी हात साबणाने धू, नखांच्या आतून. विभागात तंबाखू मळू नको.

नोकरीत रुजू होण्यापूर्वी लघवीतला आर्सेनिक आणि रक्तातलं शिसं तपासून घेतात. त्याची प्रत मागून घे आणि घरी जपून ठेव, पुढच्या प्रत्येक तपासणीची पण. ज्याच्याशी तुलना करायची तो पहिला आकडाच नसेल तर नंतर कुणी तुझं ऐकणार नाही. तपासणीच्या आधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी खाऊ नको. माशांतला आर्सेनिक लघवीत उतरतो आणि आकडा उगाच चढतो. तो विषारी नसतो, पण साधी तपासणी दोन्हींत फरक करत नाही.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. आपण कशाजवळ काम करतो हे कळण्याचा आणि धोका दिसला तर तो वर कळवण्याचा हक्क त्यात कामगाराला मिळाला. हा हक्क ठेकेदाराच्या पोरांना कुणी सांगत नाही. तू सांग. हिंदीत सांग, ओडियात जमत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून सांगव. तुझ्या हाताखाली पहिल्या महिन्यापासून अशी पाच-सहा माणसं असतील, वयाने तुझ्याएवढीच.

पहिल्या पाळीला गेलास की कामाला लागण्याआधी विभागातला इमर्जन्सी शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ उघडून बघ. पाणी यायला किती सेकंद लागतात, गंजलेलं लालसर येतं की स्वच्छ, ते मला त्याच दिवशी कळव. आईला पत्र दाखवू नकोस, उगाच घाबरेल.

तुझा,
काका